‘मी तर निमित्तमात्र’ म्हणण्यापूर्वी

सत्कार, पुरस्कार आणि साधं कौतुक स्वीकारताना काय बोलावं, याबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना या वेळी उत्तरं दिली आहेत. नम्रतेचे शब्द भलत्या जागी पडले की कुणाचा तरी अपमान होतो. कधी देणाऱ्याचा, कधी सहकाऱ्यांचा, कधी स्वतःच्याच कामाचा. बोलणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही, म्हणून काही उत्तरं जरा सविस्तर आहेत.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. ऊसतोडीच्या हंगामात मुलं गावातच राहावीत म्हणून केलेल्या कामासाठी मला आदर्श शिक्षक पुरस्कार जाहीर झाला आहे. भाषणाचा मसुदा असा : ‘खरं तर मी या पुरस्काराला पात्र नाही. माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं काम करणारे शिक्षक आहेत. मी केवळ निमित्तमात्र. हा सत्कार माझा नसून सर्व सहकाऱ्यांचा, विद्यार्थ्यांचा आणि ग्रामस्थांचा आहे. त्यांचे आभार मानून मी त्यांना परकं करणार नाही.’ यात काही सुधारावं का?

सगळंच बदलावं लागेल. बदलून काय घालायचं ते तुमच्या पत्राच्या दुसऱ्या पानावर आहेच, तिथे तुम्ही काम कसं झालं ते लिहिलं आहे.

‘मी पात्र नाही’ हे समोर बसलेल्यांच्या कानांनी ऐकून पाहा. निवड समितीची माणसं पहिल्या रांगेत असतात. त्यांनी प्रस्ताव वाचले, गुण दिले, काही नावं गाळली. तुमची निवड चुकली, असं तुम्ही त्यांना माईकवरून सांगता. ज्यांची नावं गळली ते शिक्षकही कदाचित सभागृहात असतील. ‘माझ्यापेक्षा चांगले कितीतरी’ हे ऐकून त्यांना बरं वाटत नाही. पात्र नसलेल्या माणसाला दिलं आणि आपल्याला नाही, एवढंच त्यांच्या मनात उरतं.

दुसरी अडचण खरेपणाची. बरेच पुरस्कार प्रस्ताव मागवून दिले जातात. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारासाठी २०१८ पासून शिक्षक स्वतःच पोर्टलवर नामांकन भरतात. पद्म पुरस्कारांसाठीही स्वतःचं नामांकन करायची मुभा आहे. फोटो, दाखले, कात्रणं जोडून प्रस्ताव पाठवायचा आणि मंचावर ‘ध्यानीमनी नसताना हा पुरस्कार मिळाला’ म्हणायचं, हे शिक्षकांनी भरलेल्या सभागृहात तरी कुणाला पटत नाही. प्रस्ताव पाठवला असेल तर तसं सांगावं : ‘मी प्रस्ताव पाठवला होता, समितीने तो निवडला, मला फार आनंद झाला आहे.’ यात कमीपणा कसलाच नाही.

‘निमित्तमात्र’ हा शब्द गीतेच्या अकराव्या अध्यायातला आहे, तेहतिसाव्या श्लोकातला. ‘निमित्तमात्रं भव सव्यसाचिन्’ असं कृष्ण अर्जुनाला सांगतो. अर्जुन स्वतःबद्दल तसं म्हणत नाही. शिवाय हे बोलणं युद्ध सुरू होण्यापूर्वीचं आहे. आणि त्याच ओळीत कृष्णाने त्याला सव्यसाची म्हटलं आहे, म्हणजे डाव्या हातानेही तितक्याच सफाईने बाण सोडणारा. निमित्त हो म्हणतानाही त्याच्या हातातल्या कसबाचं नाव घेतलं गेलं आहे. काम हाती घेताना मनाशी धरायचा हा शब्द आहे. काम झाल्यावर, ते कसं केलं हे सांगायच्या ऐवजी वापरला की तो पोकळ होतो.

‘सर्व सहकाऱ्यांचा सत्कार’ म्हटल्याने एकाही सहकाऱ्याला आपलं नाव ऐकू येत नाही. आणि ‘आभार मानून परकं करणार नाही’ हे घरच्या लग्नात शोभतं, कारण तिथे कोण रात्रभर जागलं आणि कुणी पंगत सांभाळली हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. तुमच्या शाळेत कुणी काय केलं हे जिल्ह्याच्या ठिकाणी जमलेल्यांना ठाऊक नसतं. ते सांगण्याची संधी तुम्हाला एकटीलाच मिळणार आहे. ती या गोड वाक्यात घालवलीत तर श्रेय आपोआप तुमच्या एकटीच्या नावावर जमा होईल, म्हणजे तुम्हाला जे टाळायचं आहे नेमकं तेच.

तुमच्या पत्रातल्या माहितीवरून मसुदा असा करता येईल :

‘दिवाळी झाली की आमच्या गावातल्या बऱ्याच घरांना कुलूप लागतं. आईबाप टोळीबरोबर कारखान्यावर जातात, ते गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. मुलं बरोबर गेली की त्यांची शाळा बुडते. ती गावात राहावीत म्हणून शाळा व्यवस्थापन समितीपुढे हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव मी मांडला आणि आजीआजोबांशी बोलायला घरोघर गेले. हे मी केलं. दोन्ही वेळचा स्वयंपाक अमुक मावशींनी केला. मुलं टिकली ती त्यांच्या हातच्या भाकरीवर. किराणा, हजेरी आणि हिशेब अमुक सरांनी चोख ठेवला, तो मला जमला नसता. अमुक आजोबांनी सगळ्यांत आधी आपली नात ठेवली, म्हणून बाकीच्यांना धीर आला. निवड समितीने हे काम पाहिलं, दखल घेतली, त्याबद्दल मनापासून आभार.’

‘अमुक’च्या जागी पूर्ण नावं घाला. इथे ‘मी’ आला आहे तिथे फक्त क्रिया आहे : प्रस्ताव मांडला, घरोघर गेले. विशेषण एकही नाही. ‘चोख’ हे विशेषण सरांच्या वाट्याला दिलं आहे. ‘तो मला जमला नसता’ ही या मजकुरातली खरी नम्रता. ती एका ठरावीक कामाबद्दल आहे, त्यामुळे कुणाला खोटी वाटणार नाही.

आता वेळेचं. मंचावर संथ बोललं तर मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. वरचा मजकूर मिनिटभराचा आहे. पुरस्कारार्थी बरेच असतील तर प्रत्येकाला दोन मिनिटंही मिळत नाहीत, आणि त्यातलं एक मिनिट मान्यवरांची नावं घेण्यातच जातं. ती नावं सूत्रसंचालकाने आधीच घेतलेली असतात. ‘अध्यक्ष महोदय आणि उपस्थित सर्व’ एवढ्यावर भागवा आणि वाचलेला वेळ मावशींना द्या. नावं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून न्या, त्या त्या माणसाकडून उच्चार आणि आडनाव आदल्या दिवशी तपासून घ्या. गळा दाटून आला की पहिल्यांदा नावंच आठवेनाशी होतात. कागद हातात धरण्यात संकोच नको. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडे स्टेडियमवर सचिन तेंडुलकर निरोपाचं भाषण करायला उभा राहिला तेव्हा त्याच्या हातात यादी होती, आणि कुणाचं नाव राहू नये म्हणून ती आणल्याचं त्याने सांगितलंही. रमाकांत आचरेकर सरांबद्दल बोलताना त्याने नुसतं ‘गुरूंमुळे घडलो’ म्हटलं नाही. सर आपल्याला स्कूटरवरून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यायचे, आणि आपण सुस्तावू नये म्हणून एकोणतीस वर्षांत एकदाही ‘चांगला खेळलास’ म्हणाले नाहीत, असं त्याने सांगितलं. ऐकणाऱ्यांना त्या दोन तपशिलांतून आचरेकर सर दिसले.

प्रश्न : मी डोंबिवलीत सूत्रसंचालन करते. देणगीदारांचा सत्कार करताना मी म्हटलं, ‘यांनी शाळेच्या इमारतीसाठी खारीचा वाटा उचलला आहे.’ नंतर त्यांचे चिरंजीव नाराज झाले. माझं काय चुकलं?

खारीचा वाटा हा स्वतःच्या वाट्याबद्दल बोलायचा शब्द आहे. सेतू बांधताना खारीने अंगाला चिकटलेली वाळू नेऊन टाकली, ती गोष्ट. देणाऱ्याने म्हटलं तर विनय, दुसऱ्याने म्हटलं तर देणगी लहान ठरवल्यासारखं होतं. ‘फूल ना फुलाची पाकळी’, ‘यथाशक्ती’ आणि ‘अल्पशी भेट’ यांचंही तेच. दुसऱ्याच्या देणगीबद्दल बोलताना तिने काय झालं ते सांगा : ‘यांच्या देणगीतून पहिल्या मजल्यावरच्या तीन वर्गखोल्या उभ्या राहिल्या.’

उलट दिशेची चूकही रोज ऐकू येते. ‘शुभहस्ते’ दुसऱ्याच्या हातांबद्दल म्हणायचं. ‘माझ्या शुभहस्ते उद्घाटन झालं’ असं स्वतः लिहू नये, ‘उद्घाटन मी केलं’ पुरे. ‘मार्गदर्शन’ ऐकणाऱ्याने म्हणावं. वक्त्याने ‘मी शंभर शाळांत मार्गदर्शन केलं’ न म्हणता ‘शंभर शाळांत बोललो’ म्हणावं. सिंहाचा वाटा नेहमी दुसऱ्याचा. आणि ‘छोटेखानी कार्यक्रम’ हा यजमानाचा शब्द आहे. पाहुण्याने मंचावर येऊन ‘तुमच्या या छोटेखानी कार्यक्रमाला आलो’ म्हटलं, की ज्यांनी महिनाभर राबून तो उभा केला त्यांची तोंडं उतरतात.

कार्ड लिहिताना प्रत्येक वाक्यापुढे ते कुणाच्या तोंडी आहे ते पेन्सिलीने लिहा. निवेदकाच्या तोंडी, यजमानाच्या की सत्कारमूर्तीच्या. सत्कारमूर्तीच्या विनयाचं वाक्य निवेदकाच्या कार्डावर आलं असेल तर लगेच सापडेल. असं बहुतेक वेळा घडतं ते परिचयाचा मजकूर सत्कारमूर्तींकडूनच मागवून जसाच्या तसा वाचल्यामुळे. त्यांनी स्वतःबद्दल लिहिताना ‘अल्पसे काम केले’ लिहिलेलं असतं, आणि आपण ‘मी’च्या जागी ‘यांनी’ घालून मोकळे होतो.

प्रश्न : आपले संत स्वतःला पामर, पतित, मतिमंद म्हणवून घेतात. मग सत्काराच्या वेळी आम्ही तसं म्हटलं तर त्यात खोटं काय? (पैठण)

संतांनी हे कुणापुढे म्हटलं ते पाहावं. देवापुढे, सद्गुरूपुढे किंवा श्रोत्यांपुढे कामाला हात घालताना. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात टिटवी चोचीने सागर मोजू पाहते, तसा मी अजाण इथे प्रवृत्त झालो आहे, असं ज्ञानदेव म्हणतात. समोर गीता आहे, तिच्या विस्ताराच्या मानाने ते खरंच आहे. पण सहाव्या अध्यायात तेच ज्ञानदेव ‘माझा मराठाचि बोलु कौतुकें । परि अमृतातेंही पैजा जिंके । ऐसीं अक्षरें रसिकें । मेळवीन’ असं ठामपणे सांगतात. अमृताशी पैज लावणारी अक्षरं मी आणीन, ही स्वतःच्या कामाबद्दलची खात्री आहे, आणि ती नम्रतेच्या आड येत नाही. तुकोबाही ‘बरें देवा कुणबी केलों । नाहीं तरी दंभेंचि असतों मेलों’ म्हणतात. आपण कोण ते ते थेट सांगतात आणि त्याबद्दल देवाचे आभार मानतात, आपण कुणीच नाही असं म्हणत नाहीत.

‘पामर’ हा शब्द शाल खांद्यावर पडल्यानंतर, शाल देणाऱ्याला उद्देशून वापरला, की देणाऱ्याला देवाच्या जागी बसवल्यासारखं होतं. देणारा राजकीय पुढारी असेल तर ते सरळ लाचार दिसतं. विठ्ठलापुढे म्हणा, खुशाल म्हणा.

प्रश्न : पुण्यात आयटी कंपनीत आहे. कंपनीचा पुरस्कार मिळाल्यावर समाजमाध्यमावर लिहिलं, ‘हा पुरस्कार स्वीकारताना मी नम्र झालो आहे.’ मित्र हसले. मग लिहायचं काय?

आपण नम्र आहोत की नाही हे बघणाऱ्याने म्हणायचं असतं. मराठीत ते स्वतःबद्दल बातमीसारखं सांगितलं की कानाला खटकतं. त्या वेळी जे वाटलं त्याला आपल्याकडे शब्द आहेत : आनंद झाला, भरून आलं, भारावून गेलो, संकोच वाटला. यातलं जे खरं असेल ते लिहा. ‘जबाबदारी वाढली’ लिहायचं असेल तर पुढच्याच वाक्यात कोणती ते लिहा, नाहीतर ते वाक्य गाळा.

तुमच्या पत्रातली दुसरी गोष्ट आम्हाला जास्त काळजीची वाटते. वार्षिक मूल्यमापनाच्या फॉर्ममध्ये तुम्ही ‘विशेष काही नाही, सगळं टीमने केलं’ असं लिहिलं आहे. तो फॉर्म वाचणारा माणूस बहुधा तुम्हाला ओळखतही नाही. तो ‘विशेष काही नाही’ हे शब्दशः घेतो. टीमचंही भलं होत नाही, कारण टीममधल्या कुणाचं नाव तिथे नाही. लिहा : ‘रात्रीचं डेटा प्रोसेसिंग सहा तासांवरून दोन तासांवर आलं. क्वेरी मी नव्याने लिहिल्या, टेस्टिंग अमुकने केलं, सर्व्हरची रचना अमुकने सुचवली.’ आकडा आधी, आपलं काम मग, दुसऱ्यांची कामं नावानिशी. घरी आणि शाळेत ‘स्वतःची टिमकी वाजवू नये’ हे ऐकत वाढलेल्यांना, मुलींना तर फारच, असं लिहिणं जड जातं. पण झालेल्या कामाची नोंद ही टिमकी नव्हे.

प्रश्न : मुलीला दहावीला ९४ टक्के मिळाले. पेढे घ्यायला आलेल्यांपुढे तिचे बाबा म्हणत होते, ‘नशीब हो, पेपरच सोपे होते. आमची कसली हुशार!’ मुलगी दोन दिवस बोलली नाही. बाबांचं म्हणणं, आपण आपल्या पोरांचं कौतुक करू नये. (सोलापूर)

स्वतःच्या मालकीच्या गोष्टीबद्दल विनय दाखवता येतो. मार्क मुलीचे आहेत. ते लहान करायचा अधिकार बाबांना नाही, जसा तो बायकोच्या स्वयंपाकाबद्दल किंवा धाकट्या भावाच्या दुकानाबद्दलही नाही. आपल्या माणसाबद्दल पाहुण्यांपुढे कमी बोलायची आपल्याकडची रीत आहे, तिच्यामागे दृष्ट लागू नये ही भावना आहे, आणि ती मायेपोटीच आलेली आहे. पण पंधरा वर्षांच्या मुलीला त्यातलं फक्त ‘कसली हुशार’ ऐकू येतं, आणि ते तिच्या वडिलांच्या तोंडचं असतं.

बाबांना कौतुकाचे शब्द जमत नसतील तर कष्ट सांगावेत. ‘रोज पहाटे पाचला उठायची. भूमितीला घाबरायची, शेवटी तीच घोटून घेतली.’ यात बढाई कुठेच नाही. आणि आता मुलीजवळ बसून ‘मी तसं म्हणायला नको होतं’ हेही त्यांनी सांगावं. पेढ्यांचा बॉक्स संपण्यापूर्वी एखाद्या पाहुण्यासमोर सांगितलं तर आणखी बरं.

प्रश्न : पुरस्काराची रक्कम ‘मी याला लायक नाही’ म्हणून मंचावरच संस्थेला परत करावी का? आमच्याकडे तशी प्रथा पडते आहे.

रक्कम देऊन टाकणं चांगलं, पण मंचावर अचानक नको. एका कार्यक्रमात पाच जणांना पुरस्कार मिळतात. पहिल्याने पाकीट परत केलं, त्यात स्वतःची भर घातली, टाळ्या झाल्या. उरलेल्या चौघांत एखादा तमाशा कलावंत असतो, एखादीला घरच्या आजारपणाला ते पैसे हवे असतात. आता त्यांनी पाकीट खिशात घातलं तर लोभी दिसणार. एकाच्या नम्रतेचं ओझं चौघांवर पडतं. शिवाय पैसे परत आले की संस्थेच्या खजिनदाराला ते हिशेबात कुठे दाखवायचे हा प्रश्न पडतो, कारण खर्च मंजूर होऊन चेक आधीच निघालेला असतो.

म्हणून घ्या, खात्यात जमा करा, आणि आठवड्याने ज्यांना द्यायचे त्यांना स्वतःच्या चेकने द्या, पावती घ्या. जाहीर करायचंच असेल तर संयोजकांना आधी लेखी कळवा आणि घोषणा कार्यक्रमाच्या शेवटी, सगळ्यांचे पुरस्कार देऊन झाल्यावर करायला सांगा. कारण सांगताना ‘लायक नाही’ म्हणू नका. ‘गावच्या वाचनालयाला कपाटं हवी आहेत, त्यासाठी देतो आहे’ म्हणा.

प्रश्न : निमंत्रणपत्रिकेवर पाहुण्यांच्या नावाआधी ‘पद्मश्री’ छापावं का? आणि खाली निमंत्रक म्हणून स्वतःच्या नावाआधी ‘श्री.’ लावावं का? (नाशिक)

‘पद्मश्री’ नावाला जोडून छापू नका. राज्यघटनेच्या अठराव्या अनुच्छेदाने किताब बंद केले. भारतरत्न आणि पद्म पुरस्कार हे किताब नव्हेत म्हणूनच ते देता येतात, पण नावाच्या आधी किंवा नंतर ते लावायचे नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९५ मध्ये स्पष्ट केलं आहे. पाहुण्यांचा मान राखायचा तर नावाखाली वेगळ्या ओळीत ‘अमुक साली पद्मश्रीने सन्मानित’ असा परिचय द्या.

स्वतःच्या सहीला ‘श्री.’ किंवा ‘सौ.’ लावू नये, ते इतरांनी म्हणायचं. ‘डॉ.’ ही पदवी आहे, कामाच्या कागदांवर ती लागते, घरच्या कार्याच्या पत्रिकेत गरज नाही. ‘आपला नम्र’ किंवा ‘विनीत’ पुरे. दोन्ही एकाखाली एक नकोत.

प्रश्न : कुणी जेवणाचं कौतुक केलं की तोंडून ‘छे, कसलं काय, आज बिघडलंच’ निघतं. सवय कशी मोडावी? (मालवण)

तुम्ही ‘बिघडलं’ म्हटलं की पाहुण्याला तेच कौतुक दुसऱ्यांदा, जास्त जोरात करावं लागतं, आणि तुम्ही ते दुसऱ्यांदाही नाकारता. तिसऱ्या वेळी तो गप्प बसतो. पहिल्याच वेळी ‘सोलकढी आवडली ना? बरं वाटलं’ एवढं म्हणा. त्यापुढे काही बोलावंसं वाटलं तर सोलकढी कशी केली ते सांगा : आमसुलं कोमट पाण्यात तासभर भिजवली, नारळाचं पहिलं दाट दूध निराळं ठेवून शेवटी घातलं, आणि वाढेपर्यंत गॅसजवळ नेली नाही.